बेहड्याच्या डोहाचा पत्ता

आमच्या कुरखेड्यात माणूस आपलं वय खरं सांगेल, बीपी-शुगर खरी सांगेल, पोराचे दहावीचे मार्कसुद्धा खरे सांगेल. मासे कुठं लागले, एवढंच तो खरं सांगणार नाही. यात कुणाला पाप वाटत नाही. गरीची काठी घेऊन निघालेल्या माणसाला ‘कुठी चालले’ असं विचारायचं नाही, हा पहिला नियम. विचारलं की दिवस वाया जातो. परत येताना मात्र विचारायचंच, नाहीतर त्याला वाईट वाटतं. मग तो जी जागा सांगेल तिथं मासे नाहीत असं समजून चालायचं. आमचा पत्रू टेलर रोहूचं शेपूट पिशवीबाहेर लोंबत असताना ‘सती नदीच्या पुलाखाली लागला’ म्हणून सांगतो, आणि ऐकणारे मान डोलावतात व मनातल्या मनात पूल खोडून टाकतात. दोघांनाही सगळं माहीत असतं, दोघंही चहा पितात, आणि गावचा सलोखा टिकून राहतो.

मीही त्यातलाच. हायस्कुलात बावीस वर्षं मराठी शिकवतो. ‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार फळ्यावर माझ्या हातानं शंभरदा लिहिला असेल, आणि रविवारी दुपारी चौकात उभा राहून तितक्याच सुवाच्य पद्धतीनं खोटी जागा सांगतो. माझी खरी जागा कोणती ते इथंही सांगणार नाही. तुम्हीही गरीवाले असाल, काय भरवसा.

अशा गावात एकच माणूस खरं सांगायचा. लटारू निमगडे, पोस्टमन. आता रिटायर आहेत, पण गाव त्यांना पोस्टमनच म्हणतं.

लटारूभाऊंनी पस्तीस वर्षं सायकलवर डाक वाटली. जंगलातल्या टोल्या-पाड्यांपर्यंत, नाले ओलांडून, पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन. दुपारची शिदोरी रोज कुठल्या ना कुठल्या पाण्याच्या काठी सुटायची, त्यामुळे तालुक्यातलं पाणी त्यांना तोंडपाठ. शिदोरी खाताना गरी टाकून ठेवायची सवय तिथंच लागली. आणि कुणी विचारलं की कुठी लागली जी, तर ते सायकल स्टँडवर लावून, दोन्ही हात मोकळे करून पत्ता सांगायचे. बेहड्याचा डोह. कच्च्या रस्त्यानं सहा किलोमीटर. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, ओलांडला की डाव्या हाताला मोठं बेहड्याचं झाड. झाडाच्या सावलीतच बसा, उजवीकडे जाऊ नका, तिकडे मुरूम आहे. वर ‘समजलं का’ असंही विचारायचे.

ऐकणारे गारद व्हायचे. इतकं बारीक, इतकं नीटनेटकं खोटं आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं. लच्छू चहावाला म्हणायचा की, बावा, कलाकार माणूस आहे. मग आम्ही सगळे रपटा ओलांडून नेमके उजव्या हाताला जायचो. मी स्वतः नऊ वर्षं त्या मुरमावर बसलो. नऊ वर्षांत दोन खेकडे आणि एक जुनी चप्पल, एवढी माझी कमाई. डावीकडे पन्नास पावलांवर बेहड्याचं झाड दिसायचं, आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तिकडे पाठ करायचो. शेवटी लटारूभाऊ रिटायर व्हायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी तो नाद सोडला.

लटारूभाऊंना या गोष्टीचं नवल वाटायचं. मी सर्वांना सांगतो तरी कोणी येत नाही, असं ते घरी म्हणायचे. त्यांची समजूत अशी की गावातल्या लोकांना मासे फारसे आवडत नसावेत.

त्यांच्या बायकोला, नीलाबाईंना, खरं काय ते पहिल्यापासून ठाऊक होतं. तिनं नवऱ्याला ते कधी सांगितलं नाही. ती बाई अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. तिचा आवाज असा, की रस्त्याच्या या बाजूनं तिनं हाक मारली तर त्या बाजूच्या पोरांच्या हातातली माती खाली पडायची. गावातली अर्धी पोरं बोलायला शिकली ती तिच्या मागे म्हणत म्हणत. चौदा एप्रिलला मंडपात माईक बिघडला तर कुणी घाबरत नसे. नीलाबाईंना पुढं उभं करायचं. घरात बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं काम लटारूभाऊंचं, अशी वाटणी होती, आणि दोघंही आपापल्या कामावर खूश होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठ दिवस आधी, सकाळी केस विंचरताना तिच्या हातातून फणी पडली. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं पूर्ण गेलं. सगळं समजायचं, पण शब्द निघायचा नाही. गडचांदूरला सिमेंट कारखान्यात असलेला मुलगा धम्मदीप सुट्टी टाकून आला, मोठ्या दवाखान्यात झालं, मालीश झालं, व्यायाम झाले. पाय थोडा आला. शब्द आला नाही.

लोक भेटायला यायचे. आमचे लोक मनानं चांगले, पण लकवा कानाला झाल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. “बाई, वळखलं का मले?” असं तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचे. ज्यांना तिनं ‘अ’ म्हणायला शिकवलं ते तिला ‘म्हणा, म्हणा’ करायचे. तिनं हळूहळू भिंतीकडे तोंड फिरवलं. दारात कुणाची चप्पल वाजली की डोळे मिटून घ्यायची. घराबाहेर जायचं नावच नाही. विहारात नाही, लग्नात नाही, दवाखान्यातसुद्धा गाडी अगदी दाराशी लावावी लागायची.

एका रविवारी तिच्याजवळ बसायला घरी कुणी नव्हतं. लटारूभाऊंनी तिला स्कूटीवर मागे बसवलं, पडू नये म्हणून दुपट्ट्यानं आपल्या कमरेशी बांधलं, आणि बेहड्याच्या डोहावर नेलं. तिथं रपट्याचा जुना सिमेंटचा उतार झाडापर्यंत जातो, म्हणजे तिला चालायला लागलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, डाव्या हातात गरीची काठी दिली. गरीच्या दोरीला बांधलेला पिसाच्या देठाचा तुकडा पाण्यावर तरंगत होता, तो बुडाला, आणि तिनं डाव्या हातानंच काठी ओढली. वीतभर मरळ होती. तिच्या घशातून कसलासा आवाज आला. लटारूभाऊ सांगतात की तो हसण्याचा होता.

त्यानंतर एक रविवार चुकला नाही. आठवड्यात ती एकदाच घराबाहेर पडायची, ती तिथं. तिथं तिला कुणी काही विचारत नव्हतं. धुतलेलं लुगडं ती शनिवारीच उशाला काढून ठेवायची. रविवारी सकाळी दोघं चौकातून जायचे आणि आम्ही चहा पिता पिता म्हणायचो, लटारूभाऊ बायकोले बांधून नेऊन राह्यले, पळून जाईल म्हणून. असल्या थट्टेला आमच्याकडे विनोद म्हणतात. ते कुठं जातात, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं आणि आम्ही मानलं नसतं.

आता माझी करणी सांगतो.

यंदा दिवाळीनंतर शाळेत वरून एक पत्र आलं. जिल्ह्यातल्या सहलीच्या ठिकाणांची पुस्तिका निघणार होती, आणि त्यात एक पान ‘घराजवळ, कुटुंबासह मासेमारीची ठिकाणे’ असं होतं. आमच्या तालुक्याची यादी एका शिक्षकानं द्यायची. जनगणना शिक्षकानं करायची, मतदान शिक्षकानं घ्यायचं, मग मासेच का सोडायचे. हेडमास्तरांना माझ्या गरीचा वास लागलेला होता, त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत रकाने होते. सावली आहे का, गाडी पाण्यापर्यंत जाते का, काठ सपाट आहे का, लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी सुरक्षित आहे का.

मी गावातल्या गरीवाल्यांकडे फिरलो. पत्रूनं सतीचा पूल लिहून दिला. लच्छूनं अशी बोडी सांगितली जिचं पाणी होळीच्या आधी आटतं आणि तोवर त्यात म्हशी बसलेल्या असतात. तिसऱ्यानं जो तलाव सांगितला तो बुजवून तिथं गोदाम झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सगळं नीट अक्षरात उतरवून घेतलं. चौथा क्रमांक लटारूभाऊंसाठी सोडून पाचव्यावर माझीही एक जागा भरली, अर्थात खोटी. सरकारी यादी आहे म्हणून गावचा रिवाज मोडायचा का?

लटारूभाऊंच्या घरी गेलो तेव्हा नीलाबाई अंगणात खुर्चीवर होत्या. मला पाहून त्यांनी डोळे मिटले. लटारूभाऊंनी पत्र दोनदा वाचलं, रकाने वाचले, आणि विचारलं, “हे छापून येईल का, सर?”

“येईल जी.”

“लोक वाचतीन?”

मी हसलो. “सरकारी यादी कोणी वाचते का, लटारूभाऊ? काहीच होत नाई.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले होते आणि ती मान हलवत होती. डावीकडून उजवीकडे, सावकाश, दोनदा. मला वाटलं आजारपणाचं काहीतरी असेल. लटारूभाऊंनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. मला मनातून गंमत वाटत होती, की एक थाप मारायला हा माणूस किती विचार करतो.

मग ते तिला म्हणाले, “सर विचारून राह्यले, नीला. पत्ता विचारला तर सांगा लागते.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. सहा किलोमीटर, रपटा, डावा हात, बेहडा. सावली आहे. गाडी पाण्यापर्यंत जाते. काठ सपाट आहे. वृद्धांसाठी सुरक्षित आहे. पिनकोडसुद्धा लिहायला लावला. नीलाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या घरचा चहा पिऊन आलो आणि यादीत चौथ्या क्रमांकावर तो डोह लिहिला. माझ्या हिशेबानं यादी आता पूर्ण निर्धोक होती. वरपासून खालपर्यंत एकही खरी जागा नव्हती.

चूक अशी झाली की पुस्तिका निघालीच नाही. ती थेट मोबाईलवर आली. आणि ब्रह्मपुरी, वडसा, नागपूर तिकडच्या लोकांना आमचा रिवाज माहीत नव्हता. त्यांनी यादी वाचली आणि खरी मानली. बिचारे आधी पुलाखाली गेले, मग म्हशींकडे गेले, मग गोदामाच्या भिंतीला वळसा घालून आले. चौथ्या ठिकाणी त्यांना किलोभराचा रोहू लागला. त्याचा व्हिडिओ निघाला, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी बेहड्याच्या झाडाखाली दोन गाड्या उभ्या होत्या.

व्हिडिओ मीही पाहिला. रपटा ओळखला, झाड ओळखलं. आणि मागे कोपऱ्यात, उजव्या अंगाला, मी नऊ वर्षं ज्याच्यावर बसलो तो मुरमाचा ढीगही ओळखला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एखाद्यानं मला फसवलं असतं तर राग काढता आला असता. खरं सांगणाऱ्यावर कसा राग काढायचा?

पहिल्या रविवारी लटारूभाऊंनी पाहुण्यांना हौसेनं गरी बांधून दिली, गांडुळं दिली. नीलाबाई स्कूटीवरून उतरल्या नाहीत. तासभर दुपट्ट्यात बांधलेल्या तशाच बसून राहिल्या आणि मग घराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या रविवारी सहा गाड्या आणि एक स्पीकर होता. नागपूरची एक बाई, मनानं फार चांगली असणार, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली की आजी, काय झालं हो तुम्हाला. नीलाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. तिसऱ्या शनिवारी धुतलेलं लुगडं उशाला निघालं नाही.

त्या संध्याकाळी लटारूभाऊ माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. “तुमी म्हनले होते, सर, काहीच होत नाई,” एवढंच बोलले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मी त्यांना उपाय सांगितला. लोक तुम्हालाच विचारतात ना, मासे कुठं? मग दुसरी जागा सांगा. उजवीकडे पाठवा, पुलाखाली पाठवा. अहो, सगळं गाव तेच करतं. एक खोटं बोला आणि मोकळे व्हा.

“पस्तीस वर्षं पत्त्यावर पोचवलं जी,” ते म्हणाले. “आता चुकीचा पत्ता कोन्या तोंडानं सांगू?”

मला अस्सा संताप आला. हात दाखवून अवलक्षण मी केलं होतं, आणि निस्तरायला निघालो तर हा गृहस्थ तत्त्व घेऊन बसला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि याला पिनकोड सांभाळायचा आहे. मी म्हटलं, ठीक आहे. तुम्ही उद्या नीलाबाईंना घेऊन या, कसंही करून या. खोटं बोलायचं काम माझं. मला त्याचा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

रविवारी मी दहा वाजता पोचलो. आठ गाड्या होत्या. झाडाखाली सतरंज्या, गॅसची शेगडी, पुऱ्या तळल्याचा वास, आणि स्पीकरवर गाणी. माझ्या मागून स्कूटी आली. लटारूभाऊंनी तिला काय म्हणून आणलं होतं कोण जाणे, पण आणलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते. ते गर्दीच्या एका कडेला, जेमतेम जागा करून, तिची खुर्ची लावू लागले.

मी सरळ कामाला लागलो. एक टोपीवाला गृहस्थ पाण्याकाठी उभा होता, सगळ्यांत मोठी गाडी त्याचीच. मी त्याला गंभीरपणे सांगितलं की इथं आता मासे राहिलेले नाहीत. तो म्हणाला, अच्छा, आणि हातातला रोहू मला दाखवला. मी म्हटलं, हा शेवटचा असेल. खरे मासे तर पुलाखाली, मी इथला आहे, माझं ऐका. त्यानं खिशातून मोबाईल काढला, यादी उघडली आणि म्हणाला की पुलाखाली जाऊन आलो आम्ही, काही नाही तिथं, आणि यादीत तर हीच जागा चांगली लिहिली आहे. मग खाली वाचलं. संकलन, धनराज भोयर सर. तुम्हीच का ते? मी नाही म्हणणार होतो, पण तेवढ्यात पलीकडून शाळेतली एक मुलगी ‘नमस्कार सर’ म्हणाली. टोपीवाल्यानं बायकोला बोलावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो काढला. इतकी उपयुक्त माहिती दिल्याबद्दल आभार मानले. बावीस वर्षांत माझं एकही खोटं इतकं वाईट रीतीनं पडलं नव्हतं, आणि पाडलं ते माझ्याच अक्षरानं.

मी मान खाली घालून परत फिरलो. नीलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. डाव्या हातात काठी होती, पण गरी पाण्यात नव्हती. मागच्या वेळची ती नागपूरची बाई पुरीची बशी घेऊन त्यांच्याकडेच येत होती, हसत, ओणवी होत, तोंड उघडत. लटारूभाऊ दोघींच्या मध्ये उभे होते. नीलाबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. मग काठी टाकली, डावा हात पाण्यापलीकडच्या झुडपांकडे लांब केला, आणि म्हणाल्या,

“वाघ.”

ओरडल्या नाहीत. रस्त्यापलीकडच्या पोरांना हाक मारायच्या तोच आवाज, स्वच्छ, भरीव, अंगणवाडीचा. स्पीकर कुणी बंद केला ते कळलं नाही.

आमच्याकडे वाघ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मोहफुलांच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या गावात वाघानं माणूस नेऊन एखादं घर बसतं, आणि ते घर आमच्या ओळखीचं असतं. त्यामुळे वाघ म्हटल्यावर कुणी पुरावा मागत नाही. टोपीवाला मात्र बाहेरचा होता. त्यानं लटारूभाऊंचा दंड धरला आणि विचारलं की काका, खरंच आहे का?

लटारूभाऊ झुडपांकडे पाहतच नव्हते. ते बायकोकडे पाहत होते. चेहरा पांढरा पडला होता, आणि डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

“दोन वर्षं झाले जी,” ते टोपीवाल्याला म्हणाले, “इच्या तोंडातून एक शब्द निंगाला नाई. आज निंगाला.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. टोपीवाल्यानं त्या रडणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मुक्या बाईला वाचा फुटावी असं झुडपात काय असेल याचा विचार केला, आणि मग सगळ्यांना पळता भुई थोडी झाली. सतरंज्या घडी न घालता डिक्कीत गेल्या. पुऱ्यांची कढई राहिली, एक टोपी राहिली, स्पीकर कुणीतरी दोन फेऱ्या मारून नेला. दहा मिनिटांत झाडाखाली एवढंच आणि टायरच्या चाकोऱ्या राहिल्या.

मीही मोटारसायकलला किक मारली होती, हे कबूल करतो. रपट्याच्या टोकावरून वळून पाहिलं तर लटारूभाऊ जागचे हललेही नव्हते. ते तिच्या पायाशी जमिनीवर बसले होते. मी ओरडलो की चला, बाईंना उचला, काय करून राह्यले. त्यांनी शांतपणे झुडपांकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मला म्हणाले, “तिथी वाघ नाई, सर. खंड्या बसून हाय.”

नीलाबाई अर्ध्या तोंडानं हसत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्याच्या वाट्याचं खोटं, जे त्याला जन्मात जमलं नसतं, ते दोन वर्षं बंद पडलेल्या तोंडातून तिनं ओढून काढलं होतं. मला गहिवरून आलं. मग लाजही वाटली, कारण मी गाडी अजून बंद केली नव्हती.

सोमवारी सकाळी लच्छूच्या टपरीवर पत्रू सांगत होता की पायाचे ठसे त्यानं स्वतः पाहिले, केवढाले होते. दुपारपर्यंत वाघाला दोन पिल्लं झाली. वनरक्षक येऊन डोहाच्या भोवती फिरला, त्याला काही सापडलं नाही. त्यानं लटारूभाऊंना विचारलं. ते म्हणाले, वाघ नव्हता. तो समजूतदारपणे हसला, म्हाताऱ्याला आपली जागा सोडवत नाही असं आम्हाला म्हणाला, आणि ‘वावर नाकारता येत नाही’ असं लिहून गेला. मी त्याच आधारावर यादीतून चौथा क्रमांक कमी करण्याचं पत्र पाठवलं. सुंठेवाचून खोकला गेला.

आताही गावात, बसस्टँडवर, कुणीही विचारलं की लटारूभाऊ, त्या डोहावर वाघ आहे म्हणतात, तर ते सायकल स्टँडवर लावून, दोन्ही हात मोकळे करून सांगतात की नाही जी, कधीच नव्हता, मी दर रविवारी जातो, सहा किलोमीटर, रपटा ओलांडला की डावीकडे. लोक ऐकून घेतात आणि पोरांना सांगतात की तिकडे फिरकू नका. पुन्हा एकदा त्या माणसानं खरं बोलून जागा राखली आहे.

नीलाबाईंना त्या दिवसानंतर आणखी काही शब्द आले. ‘चहा’ आला, ‘नको’ आला. धम्मदीपचा फोन आला की ‘दीप’ म्हणतात. डॉक्टर म्हणतात, येतील हळूहळू. माझ्यापुढे मात्र त्यानंतर त्यांनी एकही शब्द काढला नव्हता.

मागच्या रविवारी मी ठरवलं की आता जावं. लटारूभाऊंना रीतसर विचारलं, ते म्हणाले, या ना सर, सांगितलं तर होतं. नऊ वर्षं मुरमावर काढलेल्या माणसाला सावलीत बसण्याचा काही हक्क असेल की नाही? काठी, डबा, गांडुळं घेऊन रपट्यावर पोचलो. दोघं झाडाखाली होते. ती खुर्चीत, ते खाली. पाण्यावर पिसाचे दोन तुकडे तरंगत होते. मी गाडी उतारावर घेतली, तशी नीलाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अंगणवाडीतल्या हट्टी पोराकडे पाहावं तसं बराच वेळ पाहिलं. मग डावा हात उचलून पलीकडच्या झुडपांकडे केला आणि, अर्ध्या तोंडानं हसत, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “वाघ.”

मी “हो बाई” म्हटलं आणि गाडी वळवली.